तळाचे काम

कर्म करीत असताना कर्त्याचे चित्त कोठे असावे, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे आणि त्यावर आचार्यांनी, संतांनी व अर्वाचीन पंडितांनी इतके लिहून ठेवले आहे की, त्यात नव्याने भर घालण्याजोगे काही उरले असेल असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु या चर्चेत उदाहरणादाखल जी कर्मे घेतली जातात ती बहुधा यज्ञ, दान, युद्ध, राज्यपालन अशी, दहा लोकांच्या नजरेत भरणारी आणि यशापयशाचा निकाल लगोलग पदरात टाकणारी असतात. जे कर्म उरकताच डोळ्यांआड होते, ज्याचे उत्तम फळ म्हणजे काहीच न घडणे हे असते, आणि जे बिघडले तरच त्याच्या कर्त्याची कोणाला आठवण होते, अशा कर्माकडे मीमांसकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. मोटारीच्या इंजिनाच्या अगदी तळाशी तेलाचे जे उथळ पात्र असते, ज्याला कारखानदार ऑइल पॅन म्हणतो आणि रायपूरचा मिस्त्री नुसते ‘चेंबर’ म्हणतो, ते बसविण्याचे काम नेमके या जातीचे आहे. आणि निष्काम कर्माविषयी ग्रंथ वाचून जे मला कधीच स्पष्ट झाले नव्हते त्यातील काही भाग हे काम शांतपणे पाहत बसल्याने उलगडला, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

रायपूर हे अशा कामाचे गाव आहे. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा हमरस्ता या शहरावरून जातो. धमतरी, कांकेर करीत, केशकालच्या घाटाची बारा वळणे चढून जगदलपुरास जाणारी सडक येथूनच निघते. आणि १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यापासून पोलादाची, पुढे सिमेंटची आणि धानाच्या गिरण्यांतील तांदळाची वाहतूक या भागात अखंड चालू आहे. पश्चिमेस टाटीबंधच्या बाजूला ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेने गाड्या दुरुस्त करणारांची जी दुकाने लागतात, त्यांत अवजड ट्रकांच्या बरोबरीने लहान मोटारीही येतात, आणि त्यांतील कित्येकांची तक्रार एकच असते: मुरमाच्या रस्त्यावर वर आलेला दगड किंवा रंग उडालेला एखादा गतिरोधक खालून लागला आणि चेंबर पिचले. पत्र्याचे असेल तर पोचा येतो, ॲल्युमिनियमचे असेल तर तडकते. पोचा हा दिसावयास क्षुल्लक, पण तो पुरेसा खोल असला तर पात्राचा तळ तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीला जाऊन टेकतो आणि पात्रात तेल भरपूर असूनही इंजिनाला ते मिळत नाही. लहान मोटारीत हे तेल तीन ते चार लिटर असते. बोटाला जाणवणारही नाही इतक्या पातळ थराने ते फिरत्या दांड्याला धातूच्या घर्षणापासून वेगळे ठेवते. तो थर तुटला की काही मिनिटांत बेअरिंगे धरतात आणि लाखाच्या घरातील यंत्र भंगाराच्या भावाचे होते.

आता कामाचा तपशील पाहू. गाडी जॅकने उचलून घोड्यांवर ठेवतात, ड्रेनचा नट काढून तेल उतरवितात, भोवतालचे बोल्ट सोडवून जुने चेंबर खाली घेतात. येथवरचे काम ताकदीचे आहे आणि ते कोणताही उमेदवार पोरगा करू शकतो. खरे काम पुढे सुरू होते. इंजिनाच्या ज्या कडेवर नवे चेंबर टेकावयाचे ती कड जुन्या पॅकिंगचा कण न कण खरवडून, पेट्रोलने किंवा थिनरने पुसून, पूर्ण कोरडी करावी लागते. आणि इंजिनाच्या पोटात चिकटून राहिलेले तेल थेंबाथेंबाने त्याच कडेवर उतरत असल्यामुळे, पुसलेली कड घटकाभराने पुन्हा ओलसर होते आणि पुन्हा पुसावी लागते. जाणता मिस्त्री या ठिकाणी थांबतो. थेंब पडणे बंद होईपर्यंत, प्रसंगी रात्रभर, तो इंजिन तसेच उघडे ठेवतो, कारण सांधा बुजविणारा सिलिकोनचा लेप तेलाच्या पुसट थरावरही धरत नाही. मग नव्या चेंबरच्या कडेवर सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लेपाची अखंड रेघ, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने, ओढावयाची. रेघ तुटली तर तेथून गळणार. जाड झाली तर दाबाखाली आत ओघळलेला गोळा सुटून तेलात जाणार आणि एके दिवशी पंपाच्या जाळीत अडकून इंजिनाचा घास घेणार. चेंबर सरळ वर नेऊन टेकवावयाचे, सरकवावयाचे नाही. सगळे बोल्ट आधी नुसत्या हाताने लावावयाचे. आणि मग मध्यापासून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावयाचे. सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना लागणारा पीळ बहुधा दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे पंधरा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी जेमतेम सात किलो वजनाइतका जोर. धडधाकट मनुष्याच्या मनगटाला हे काहीच नाही, आणि संकट आहे ते याच ठिकाणी.

कारण अननुभवी माणसाच्या मनात या क्षणी एकच विचार असतो: गळेल की काय? या शंकेचे समाधान करण्यास त्याच्या हाती एकच साधन असते, ते म्हणजे आणखी जोर. तो प्रत्येक बोल्टाला अर्धा आटा जादा देतो, मग मनाच्या समजुतीसाठी आणखी थोडा. त्यामुळे पत्र्याची कड भोकाभोवती खचते, दोन बोल्टांच्या मधला भाग इंजिनापासून किंचित दूर सरतो, बुचाचे पॅकिंग असल्यास ते पिळवटून बाहेर येते, आणि जेथे गळती होऊ नये म्हणून हा सारा खटाटोप केला तेथेच गळतीला वाट मिळते. इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तर आटेच उपटून हातात येतात. म्हणजे फळाविषयीची आसक्ती येथे फळाचाच नाश करते. आणि हे ती परलोकात किंवा जन्मांतरी करीत नाही, त्याच दुपारी करते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाची आशा सोडून कर्म करावे असे जे सांगितले आहे, त्याचा अर्थ आपल्यातील बहुसंख्य लोक एक सांत्वन म्हणून घेतात: फळ मिळाले नाही तर दुःख होऊ नये म्हणून आधीपासूनच त्याच्यावरची नजर काढून घ्यावी. हा अर्थ मला अपुरा वाटतो. मिस्त्र्याला चेंबर गळू नये असे वाटलेच पाहिजे. ते न वाटणारा मनुष्य निष्काम नव्हे, बेफिकीर आहे, आणि अठराव्या अध्यायात सांगितलेल्या तामस कर्त्याच्या लक्षणांत तो बरोबर बसतो. त्याग करावयाचा तो फळाच्या हेतूचा नव्हे, तर फळाविषयीच्या भयाचा. कारण हे भय हातात उतरते आणि हाताचे माप बिघडविते. बोल्ट आवळीत असताना ज्याच्या चित्तात गळती आहे त्याच्या चित्तात बोल्ट नाही. समत्व हा मनाच्या शांतीसाठी कारागिरीवर बाहेरून चढविलेला गुण आहे असे मी पूर्वी मानीत असे. आता मला दिसते की, समत्वावाचून ही कारागिरी तडीसच जात नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा तत्त्वविचार पीळ मोजणाऱ्या पान्याने निकालात काढला आहे. ठरलेल्या आकड्यावर पाना ‘कट्’ असा आवाज करतो आणि भय, समत्व वगैरे गोष्टींना काही काम उरत नाही. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, आणि ज्या दुकानात असा पाना असेल तेथे तो अवश्य वापरावा. परंतु पाना जो आकडा दाखवितो तो पिळाचा असतो, आवळपणाचा नसतो. आणि पिळाचा बहुतांश भाग आट्यांतील व बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणातच खर्च होत असल्यामुळे, आटे गंजलेले किंवा कचऱ्याने भरलेले असले की आकडा पुरा भरतो आणि बोल्ट मात्र सैल राहतो. मोजमाप खरे ठरण्यासाठी आधी जे स्वच्छ करावयाचे असते ते कोणतेही मोजमाप करून देत नाही. ते मनुष्यानेच, कोणी पाहत नसताना, करावयाचे असते.

चित्त फळावर नसावे हे मान्य केल्यावर मग ते कोठे असावे? भाविक मनुष्य म्हणेल, परमेश्वरापाशी. आपल्या संतपरंपरेत याविषयी दोन कथा आहेत. तेरचे गोरोबा विठ्ठलाच्या ध्यानात माती तुडवीत असताना रांगते मूल पायाखाली आले तरी त्यांना भान राहिले नाही, अशी कथा आहे. पुढे पंढरीरायाच्या कृपेने ते मूल परत मिळाल्याचेही सांगतात, आणि ती कृपाच कथेचा प्राण असल्यामुळे भक्ताने तिचा अर्थ भक्तीच्या परमोत्कर्षाचा घ्यावा हे योग्यच आहे. परंतु अरणच्या सावतोबांची कथा वेगळी आहे. ते आपला मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. ज्या भाजीपाल्याची मशागत त्यांच्या वाट्याला आली होती त्यातच त्यांना विठ्ठल दिसला, आणि देवच त्यांच्या मळ्यात चालत आला असे लोक मानतात. गाडीखाली उताणे पडून, डोळ्यांत गंजाचा चुरा येऊ नये म्हणून मान तिरकी करून जो मनुष्य काम करीत आहे, त्याने या दोहोंतील कोणता मार्ग धरावा याविषयी मला संदेह नाही. त्याच्या चुकीने पायाखाली येणारे मूल परत आणून देण्याचे वचन त्याला कोणी दिलेले नाही. चेंबर बसवीत असताना चित्त चेंबरमध्येच असणे हीच त्याची उपासना होय, आणि ज्ञानदेवांनी स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावयास सांगितले तेव्हा त्यांना यापेक्षा फार वेगळे काही अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही.

येथवर बरेचसे परंपरेला धरून झाले. आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मी मुख्यत्वे लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. यांतील पहिली चार आपल्या प्रस्तुत कामात शोधणे कठीण नाही. पाचव्याचा अर्थ शंकराचार्यांनी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता असा केला आहे. सामान्य लोक त्याचा अर्थ नशीब असा करतात. टाटीबंधच्या एका दुकानात एका वयस्क मिस्त्र्याला चेंबर उतरविताना पाहत असता या पाचव्या कारणाचा तिसरा एक अर्थ मला दिसला. चेंबर खाली आले तेव्हा इंजिनाच्या कडेवर पेचकसाने खरवडल्याच्या दोन खोल रेघा होत्या. पूर्वी कोणीतरी चिकटलेले चेंबर सुटेना म्हणून फटीत पेचकस घालून वर हातोडा मारला होता. एका भोकातील आटे गेलेले होते आणि ते कळू नये म्हणून तेथे बोल्ट एम-सीलने नुसता चिकटवून ठेवला होता. मिस्त्र्याने बोट फिरवून हे सारे पाहिले, मालकाकडे वळून तो छत्तीसगढी हिंदीत एवढेच म्हणाला की, “बाबूजी, माझे काम उद्या होईल; आज मला दुसऱ्याचे काम निस्तरायचे आहे,” आणि भोकात नवे आटे पाडण्याच्या तजविजीला लागला.

त्या मिस्त्र्याच्या दृष्टीने त्या दोन रेघा आणि ते मेलेले आटे दैवच होते. ते त्याने निर्माण केले नव्हते, आधी दिसत नव्हते, त्याच्या अखत्यारातले नव्हते, आणि तरीही त्याच्या कर्माचा निकाल त्यांवर अवलंबून होता. परंतु हे दैव आकाशातून आलेले नव्हते. ते एका अनोळखी माणसाचे कर्म होते. त्या माणसाने आपली मजुरी घेतली, गाडी रवाना केली, त्याच्यापुरता मामला मिटला. पण त्याचे कर्म मिटले नाही, ते इंजिनाच्या कडेवर कोरलेले राहिले आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावातील दुसऱ्या माणसापुढे दैवाचे रूप घेऊन उभे राहिले. आपण ज्याला दैव म्हणतो त्याचा फार मोठा हिस्सा असा, आपल्या आधी त्याच जागी हात घालून गेलेल्या माणसांच्या कर्माचा असतो. आणि आज मी जे करतो आहे ते, माझ्या हातून सुटताच, माझ्यानंतर येणाऱ्याचे दैव होणार आहे.

कर्मसिद्धान्ताचा कोणी अभ्यासक येथे मला अडवील, आणि त्याचा तसा अधिकार आहे. आपल्या दर्शनकारांनी दोन दोष मोठ्या कटाक्षाने टाळले: केलेल्याचे फळ कर्त्याला न मिळणे हा एक, आणि न केलेल्याचे फळ भलत्यालाच भोगावे लागणे, ज्याला अकृताभ्यागम म्हणतात, हा दुसरा. हे दोष येऊ नयेत म्हणून तर पूर्वजन्म आणि पुनर्जन्म यांची व्यवस्था मानावी लागली. आणि येथे दुरुस्तीच्या दुकानात अकृताभ्यागम हा अपवाद नसून रोजची वहिवाट आहे: पेचकस एकाने मारला, भोगतो दुसरा. माझे म्हणणे असे की, त्या दर्शनकारांचा प्रश्न जीवाला न्याय कसा मिळतो हा होता, आणि त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर खोडून काढण्याची मला गरज नाही. परंतु त्या उत्तराने आपल्या मनाला एक सवय लावली. माझ्या कर्माचे फळ शेवटी माझ्यापाशीच येणार असे ठरले, म्हणजे वाईट कर्म करताना भिण्याचे कारणही मीच आणि चांगले करताना लाभाचा धनीही मीच; तिऱ्हाईत मनुष्य या हिशेबात शिरतच नाही. वास्तविक कर्माची सर्वांत भयंकर बाजू ही आहे की, ते बिनदिक्कत दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

आणि मग निष्काम कर्म कोणासाठी करावयाचे याचेही उत्तर मिळू लागते. मालकासाठी म्हणावे, तर तो कधी खाली वाकून पाहणार नाही. स्वतःसाठी म्हणावे, तर मजुरी दोन्ही प्रकारच्या कामाला तीच मिळते, किंबहुना घाईच्या कामाला दिवसाकाठी अधिक मिळते. चिकटलेले चेंबर फटीत पेचकस न घालता, लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून सोडविण्याचे श्रम जो घेतो, तो ते श्रम पुढच्या मिस्त्र्यासाठी घेतो, ज्याचे नाव त्याला ठाऊक नाही आणि ज्याची भेट कधी होणार नाही. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह तो हाच, असे मला वाटते. ज्ञान झाल्यावर कर्माचे प्रयोजन उरत नाही, कर्म हे चित्तशुद्धीपुरतेच, असा शांकर संप्रदायाचा पक्ष. आणि ज्ञानोत्तरही लोकसंग्रहार्थ कर्म केलेच पाहिजे, असा टिळकांचा पक्ष. या वादात मी टिळकांकडे आहे, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या दोन रेघांत आहे: कर्त्याचे चित्त कितीही शुद्ध झाले तरी त्याने मागे ठेवलेली कड शुद्ध आहे की नाही हा प्रश्न वेगळाच राहतो.

रायपुरात हा विचार परका नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांनी येथे जे काही केले त्यात पंडित माधवराव सप्रे यांचे कार्य मला सर्वांत मोठे वाटते. १८७१ साली जन्मलेल्या या मराठीभाषी गृहस्थाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास पाहिला, आणि पुढे रामदासी वृत्तीने राहून ‘दासबोध’ व मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेलेला ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ हिंदीत आणले. १९२६ साली रायपुरातच त्यांचा देह पडला. उत्तर हिंदुस्थानातील असंख्य वाचकांना टिळकांचा कर्मयोग माहीत झाला तो सप्र्यांच्या भाषेतून, आणि त्यांच्यापैकी किती जणांना अनुवादकाचे नाव आठवत असेल याची मी कल्पना करू शकतो. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी कड स्वच्छ करून ठेवण्याचे काम याहून अधिक निष्ठेने झालेले मी पाहिलेले नाही.

कन्यासंक्रांतीला, बहुतेक सतरा सप्टेंबरला, रायपूरच्या प्रत्येक दुकानात विश्वकर्म्याची पूजा होते. पाने, गोट्या, जॅक घासूनपुसून मांडतात, त्यांवर कुंकू लावतात, त्या दिवशी हत्यार चालवीत नाहीत. आमच्याकडील मराठी घरांत हेच खंडेनवमीला होते. हत्यारांची पूजा मला प्रिय आहे आणि ती चालू राहावी. परंतु पाच कारणांपैकी साधने हे केवळ एक कारण आहे. अधिष्ठानाची, म्हणजे काम ज्यावर टेकते त्या कडेची, पूजा तिथी पाहून होत नाही, ती प्रत्येक वेळी चिंधी आणि थिनर घेऊन करावी लागते.

एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हा गाडीवाल्यांविषयी आहे. कर्म पाच कारणांनी सिद्ध होत असता जो केवळ एकट्या कर्त्याकडेच बोट दाखवितो त्याला नीट दिसत नाही, असेही गीतेच्या त्या अठराव्या अध्यायात पुढे म्हटले आहे. बिघडलेल्या कामाबद्दल आपण मिस्त्र्याला दोष देतो. पण संध्याकाळी गाडी हवीच असा तगादा लावून थेंब थांबण्यापूर्वी चेंबर चढविण्यास त्याला भाग पाडणारा आणि लेप पुरता धरण्यासाठी लागणारी चोवीस तासांची मुदत त्याला नाकारणारा गिऱ्हाईकही त्या कर्माच्या कारणांपैकी एक असतो. पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाच्या बोटाला लागणाऱ्या त्या रेघांत त्याचाही हात असतो. म्हणून यापुढे गाडी दुरुस्तीस देताना मी ती केव्हा मिळेल हे विचारणार नाही. केव्हा न्यावी हे मिस्त्र्यालाच ठरवू देईन, आणि तो दोन दिवस म्हणाला तर दोन दिवस रायपूरच्या सिटी बसने हिंडेन.